अरोनियन–आनंद, २०१३: पांढऱ्याचे नेमके कुठे चुकले?

नमस्कार. आपला प्रश्न नीट वाचला. नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील टाटा स्टील स्पर्धेतला, १५ जानेवारी २०१३ रोजी झालेला लेव्हॉन अरोनियन विरुद्ध विश्वनाथन आनंद हा डाव आपण इंजिन (खेळ्या तपासणारा संगणक-प्रोग्राम) लावून तीनदा पाहिलात. पांढऱ्याची, म्हणजे अरोनियनची, प्रत्येक खेळी आपल्याला स्वाभाविक वाटली, आणि तरीही तो २३ खेळ्यांत हरला. चूक नेमकी कोणती होती, ई५ वर घोडा ठेवण्याची ती खेळी माणसाला सुचते कशी आणि दीड हजारांच्या आसपास मानांकन असलेल्या खेळाडूने असे डाव अभ्यासावेत की नाही, असे आपण विचारले आहे. गेली बरीच वर्षे मी मुलांना आणि प्रौढांना बुद्धिबळ शिकवतो आणि हा डाव माझ्या वर्गात दर वर्षी निदान एकदा पटावर लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी डाव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी खेळ्या देतो (रा राजा, व वजीर, ह हत्ती, उ उंट, घो घोडा, नुसते घर म्हणजे प्यादे, × म्हणजे मारणे). १. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उ-डी३ डी×सी४ ७. उ×सी४ बी५ ८. उ-डी३ उ-डी६ ९. कॅसलिंग, कॅसलिंग १०. व-सी२ उ-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उ-सी५ १६. उ-ई२ घो(डी)-ई५ १७. उ×जी४ उ×डी४ शह १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उ-ई३, आणि येथे अरोनियनने डाव सोडला. प्रारंभ सेमी-स्लाव्ह या सुरुवातीच्या प्रकारातील मेरान पद्धतीचा आहे.

आपली खरी अडचण मला वेगळीच दिसते. आपण एक चुकीची खेळी शोधत आहात, कारण इंजिनचा आलेख एका जागी खाली येतो आणि त्या जागी बोट ठेवले की उत्तर मिळाले असे वाटते. घोडचूक झालेल्या डावात ही पद्धत चालते. येथे मात्र समोरासमोर बसलेल्यांपैकी एक त्या वेळचा जगज्जेता होता आणि दुसऱ्याचे मानांकन २८०० च्या वर होते. अशा डावात हार बहुधा एका खेळीत होत नाही, ती तीन-चार खेळ्यांमध्ये थोडी थोडी साचत जाते. त्यामुळे कोणती खेळी चुकली यापेक्षा कोणती वाट कधी उघडली आणि ती अडवायला कोण उरले होते, हे विचारले तर हा डाव उलगडतो. माझ्या मते सगळ्या डावाची किल्ली याच प्रश्नात आहे.

आता पट मांडा आणि अकराव्या खेळीपर्यंत या. पांढऱ्याचा वजीर सी२ वर आणि उंट डी३ वर आहे, म्हणजे दोघांचा रोख एच७ च्या प्याद्यावर आहे आणि त्या घराला काळ्याच्या एफ६ वरील घोड्याचा आणि राजाचा आधार आहे. बाराव्या खेळीला पांढऱ्याचा घोडा जी५ वर येतो, तेव्हा एच७ वरचा दाब आणखी वाढतो. आपण किंवा मी काळी मोहरी खेळत असतो तर बहुधा एच६ किंवा जी६ करून घर सांभाळले असते. आनंद सी५ खेळतो, म्हणजे एच७ चे प्यादे सोडून मध्यभागी धक्का देतो. पांढरा ते प्यादे घेतो आणि त्याचा घोडा आता एफ८ वरच्या हत्तीवरही हल्ला करत असतो. त्या घोड्याला मारण्याऐवजी काळ्याचा घोडा जी४ वर उडी घेतो, जिथून तो आणि डी६ वरचा उंट मिळून एच२ कडे पाहतात, आणि वजिराला एच४ ची वाट मोकळी असते.

चौदाव्या खेळीला पांढरा एफ४ खेळतो, आणि या डावात मी सर्वांत जास्त वेळ येथेच थांबतो. खेळी सकारण आहे, कारण डी६ वरच्या उंटाची एच२ कडे जाणारी वाट तिने बंद होते. पांढरा एफ८ चा हत्ती लगेच मारायला गेला तर काळा उंट एच२ वर शह देऊन मारतो, राजा एच१ मध्ये जातो आणि वजीर एच४ वर येतो, म्हणजे राजा संकटात सापडतो. म्हणून एफ४. पण प्यादे पुढे गेले की मागे घर उरते. एफ प्यादे एफ२ वर असताना ए७ पासून जी१ पर्यंतची तिरकी रेषा तेथे अडलेली होती. ते पुढे सरकल्यावर आणि पंधराव्या खेळीला ई प्यादे डी४ वर गेल्यावर त्या रेषेत उरते ते एकटे डी४ चे प्यादे. एक वाट बंद करताना दुसरी उघडली, आणि ती थेट राजापर्यंत जाते.

म्हणूनच पंधरावी खेळी, उंट सी५ वर, मला या डावातली सर्वांत सुंदर खेळी वाटते, जरी टाळ्या पुढच्या खेळीला पडतात. एफ८ चा हत्ती मारला जाणार आहे हे दिसत असताना काळा त्याच्याकडे वळूनही पाहत नाही आणि उंट अशा घरावर नेतो जिथे प्यादे त्याला मारू शकते. प्याद्याने मारले तर डी फाईल (उभी पट्टी) उघडते, काळ्याचा दुसरा घोडा सी५ वर उंटाला मारणाऱ्या प्याद्याला मारतो आणि डी८ वरच्या वजिराची नजर थेट डी३ च्या उंटावर पडते. त्या उंटाने ई२ वर माघार घेतली तर वजीर डी४ वर शह देतो, राजा एच१ वर जातो आणि घोडा एफ२ वर येऊन पुन्हा शह देतो. हत्तीने त्याला मारले की वजीर हत्तीला मारतो आणि जी२ वर मातेची धमकी उभी राहते, कारण बी७ चा उंट दूरून त्या घराला आधार देत असतो.

अरोनियनने सोळाव्या खेळीला उंट आधीच ई२ वर घेतला आणि जी४ च्या घोड्यावर हल्ला केला. येथे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ई५ वर घोडा ठेवणे ही अचानक सुचलेली जादू वाटते, पण ती शोधण्याची एक रीत आहे. काही वर्षांपूर्वी मी हीच स्थिती बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीपुढे ठेवली होती. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने डी८ च्या वजिरावर बोट ठेवले, ते सरळ पुढे डी७ पर्यंत सरकवले, तेथल्या घोड्यावर थांबवले आणि म्हणाली, "सर, हा मधे नसता तर वजीर डी४ वर शह देऊन गेला असता." पुढची खेळी तिला लगेच दिसली नाही. पण प्रश्न तिने अचूक मांडला होता, आणि या स्थितीत अर्धे काम तेवढेच आहे. घोडा वाटेतून हलवायचा आहे आणि तो हलताना पांढऱ्याला उसंत मिळता कामा नये. मग घोड्याची घरे मोजायची. बी६, बी८ आणि एफ६ ही शांत घरे आहेत, तेथे गेल्यास पांढरा आपले काम उरकेल. उरते ई५, जिथून घोडा जी४ वरच्या सोबत्याला आधारही देतो.

आता पांढऱ्याने काय मारायचे? डी४ चे प्यादे ई५ चा घोडा मारू शकत नाही, कारण ते हलले तर सी५ च्या उंटाचा राजाला शह बसतो, म्हणजे ते प्यादे पिन झालेले आहे. एफ प्याद्याने घोडा मारला तर वजीर डी४ वरचे प्यादे शह देत मारतो, राजा एच१ वर जातो, वजीर जी१ वर स्वतःचा बळी देतो, सी५ च्या उंटाचा आधार असल्याने राजा त्याला मारू शकत नाही, हत्तीला मारावेच लागते, आणि घोडा एफ२ वर येऊन मात करतो. या प्रकाराला खेळाडू स्मदर्ड मेट म्हणतात, कारण राजाची घुसमट त्याच्याच मोहऱ्यांनी होते. येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पांढऱ्याचा वजीर सी२ वर आहे आणि दुसऱ्या आडव्या पट्टीवरून एफ२ चे रक्षण करू शकला असता, पण सोळाव्या खेळीला ई२ वर आलेला उंट त्याच्याच वाटेत उभा आहे. म्हणजे ज्या खेळीने हल्ला परतवायचा, तिनेच शेवटचा राखणदार झाकला गेला.

अरोनियनने ही मात अर्थातच टाळली. त्याने जी४ चा घोडा मारला, काळ्याने डी४ चे प्यादे शह देत मारले, मग उंटही मारला, आणि पांढऱ्याने एफ८ चा हत्ती गिळला. येथे थांबून मोहरी मोजा. दोघांची पाच-पाच प्यादी आहेत, दोघांकडे तीन-तीन हलकी मोहरी (उंट आणि घोडे) आहेत, आणि पांढऱ्याकडे एक पूर्ण हत्ती जास्त आहे. अशा वेळी काळा शह देत नाही, बळी देत नाही, एफ५ ही शांत प्याद्याची खेळी करतो. घाईने वजीर एच४ वर नेला असता तर पांढऱ्याने एफ८ च्या घोड्याच्या आधाराने वजीर एच७ वर शह देत आणला असता, वजिरा-वजिरी झाली असती आणि एक्स्चेंज वर असलेल्या, म्हणजे उंट किंवा घोड्याच्या बदल्यात हत्ती मिळालेल्या, पांढऱ्याने सुटकेचा श्वास घेतला असता. एफ५ ने सी२ पासून एच७ पर्यंतची तिरकी रेषा बंद होते, जी४ च्या घोड्याला भक्कम आधार मिळतो, आणि एच४ ची धमकी आता खरी होते. मी स्वतः तरुणपणी एका स्पर्धेत अगदी अशाच वेळी शह देण्याच्या मोहाने जिंकलेला डाव बरोबरीत सोडला होता, म्हणून ही खेळी मुलांकडून मी दोनदा मांडून घेतो.

पुढचे थोडक्यात. घोडा जी६ वर येऊन एच४ सांभाळतो, वजीर एफ६ वरून त्याच्यावर हल्ला करून पुढे त्याला मारतो. एच३ च्या प्याद्याने बाविसाव्या खेळीला जी४ चा घोडा मारावा असे आपल्याला वाटले असेल, पण मग वजीर एच६ वर आला की मात होते, कारण जी१ हे घर डी४ च्या उंटाच्या ताब्यात आहे. शेवटी पांढरा वजीर डी३ वर येऊन तिसऱ्या पट्टीवरून एच३ चे रक्षण करतो, आणि आनंद त्या वजिराच्या आणि एच३ च्या मधे, ई३ वर, उंट ठेवतो. आता काळ्या वजिराने एच३ चे प्यादे मारून मात करण्याची धमकी आहे आणि जी प्यादे त्याला मारू शकत नाही, कारण बी७ च्या उंटाने त्याला राजासमोर पिन केले आहे. पांढऱ्याच्या उंटाने ई३ वर मारले तरी एच३ वर शह आणि पुढच्या खेळीला मात आहे, वजिराने मारले तर वजीर जातो आणि मातेची धमकी तशीच राहते.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. पांढऱ्याच्या २३ खेळ्या कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक मोहऱ्यासमोर त्याच्या खेळ्या मोजा. राजाकडचा घोडा पाच वेळा हलला आणि पांढऱ्या घरांवरचा उंटही पाच वेळा हलला, म्हणजे दहा खेळ्या अशा दोन मोहऱ्यांवर खर्च झाल्या ज्या अखेरीस पटावरून गेल्या. ए१ चा हत्ती आणि सी१ चा उंट डाव संपेपर्यंत आपल्या जागेवरून हललेच नाहीत. काळ्याचे उरलेले प्रत्येक मोहरे मात्र कामात आहे: सी८ वर हत्ती, बी७ वर एक उंट, जी१ च्या रेषेवर दुसरा उंट, जी४ वर घोडा. डाव सोडताना अरोनियनकडे एक्स्चेंज जास्त होता, पण राजाच्या मदतीला येऊ शकेल असे मोहरे नव्हते. माझ्या मते चूक शोधायचीच असेल तर ती तेराव्या खेळीतल्या प्याद्याच्या घासात आहे. डावीकडची मोहरी झोपलेली असताना तेथे घेतलेले प्यादे पांढऱ्याला खूप महाग पडले. जाणकार खेळाडू याच्याशी असहमत होऊ शकतात आणि इंजिन एखाद्या नंतरच्या खेळीवर बोट ठेवेल, पण आपल्या पातळीवर शिकायचे ते हेच आहे असे मला वाटते.

हे सगळे पटावर बसून सुचले का? पूर्णपणे नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. ही कल्पना २०१२ मध्ये मॉस्को येथे बोरिस गेलफांडविरुद्ध झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या तयारीतून आली होती, असे आनंदने नंतर सांगितले. ती लढत १२ डावांत ६–६ अशी बरोबरीत सुटून जलद डावांवर निकाली निघाली. तेथे न वापरलेले हत्यार काही महिन्यांनी वाइक आन झे येथे बाहेर आले. म्हणून आपल्याला अशी खेळी दहा मिनिटांत सुचत नाही याचे मुळीच वाईट वाटून घेऊ नका. पण तयारी असली तरी पाया जुनाच असतो. १९०७ मध्ये लोड्झ येथे गेर्श रोतलेवी विरुद्ध अकिबा रुबिनस्टाइन हा डाव झाला. तोही मांडून पाहा. तेथेही पांढऱ्याने एफ४ खेळून राजाकडची रेषा उघडली, तेथेही राजा एच१ वर ढकलला गेला, आणि काळ्याचा एक उंट बी७ वर, दुसरा त्याच जी१ च्या रेषेवर, घोडा जी४ वर आणि हत्ती सी८ वर होता. त्या हत्तीने सी३ वर मारून वजिराचा बळी दिला. दोन्ही डाव शेजारी-शेजारी मांडले की आनंदच्या डोळ्यांपुढे कोणता नकाशा असावा ते कळते. असे नकाशे डोक्यात साठवण्यासाठीच जुने डाव पाहायचे असतात.

अभ्यास करावा का, हे मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आपल्या डावांत अजून वारंवार एखादे मोहरे फुकट जात असेल, तर आठवड्यातला बराचसा वेळ दोन-तीन खेळ्यांची कोडी सोडवण्यात घालवा आणि असा डाव महिन्यातून एखादाच घ्या. ती पायरी ओलांडली असेल, आणि दीड हजारांवर बहुतेकांनी ओलांडलेली असते, तर आठवड्याला एक डाव पुरे आहे. पण पद्धत बदला. इंजिन बंद ठेवा आणि लाकडी पट घ्या, पडद्यावर नजर फार भरभर पळते. काळ्याच्या खेळ्या कागदाने झाका. बाराव्या खेळीपासून प्रत्येक काळी खेळी उघडण्यापूर्वी आपली खेळी वहीत लिहा, आणि शेजारी एका ओळीत ती का, हे लिहा. पंधराव्या, सोळाव्या आणि एकोणिसाव्या खेळीला निदान दहा-दहा मिनिटे द्या, बाकीच्यांना दोन मिनिटे पुरेत. सगळे झाल्यावरच इंजिन लावा, आणि त्याला फक्त आपण वहीत लिहिलेल्या खेळ्यांबद्दल विचारा. अरोनियनच्या खेळ्यांपेक्षा आपल्या खेळ्यांवरची त्याची उत्तरे आपल्याला अधिक शिकवतील.

आणखी एक, आपण प्रश्नाच्या शेवटी लिहिले आहे की असा डाव पाहून खचायला होते. अरोनियन या हारीनंतरही त्याच स्पर्धेत ८.५ गुणांसह दुसरा आला, १३ पैकी १० गुण मिळवून पहिला आलेल्या मॅग्नस कार्लसनच्या मागे.

पुढच्या वेळी लिहिताना पंधराव्या खेळीनंतरच्या, म्हणजे उंट सी५ वर आल्यानंतरच्या, स्थितीत पांढऱ्याची आपली निवड आणि तिची कारणे वहीतून उतरवून द्या. प्याद्याने उंट मारायचा असे आपण ठरवले असेल तर वजीर डी४ वर आल्यानंतरच्या सगळ्या खेळ्या शेवटपर्यंत लिहा, म्हणजे आपली नजर कुठे थांबते ते मला दिसेल आणि पुढचे तेथून बोलता येईल.